कंबर बोटांनी सांगायची

आमच्या काकांना गिऱ्हाइकं पाठीमागे ‘अर्धा इंच’ म्हणतात. कोट असो, पँट असो, माप घेऊन झालं की काका एकच वाक्य बोलतात, “आत अर्धा इंच सोडून ठेवतो, लागला तर उसवू.” चाळीस वर्षं हेच वाक्य चाललंय. काकू म्हणते, तिचा लग्नातला पोशाखही त्यांनीच शिवला आणि ती पुढे जाड होणार हे गृहीत धरून आत अर्धा इंच सोडला. ती जाड झाली, ही गोष्ट वेगळी.

मी त्यांची पुतणी. शाळेत गणित शिकवते, आणि माझी जीभ तिखट आहे याबद्दल शाळेत आणि घरात एकमत आहे. काकांवर मात्र मी आयुष्यात एकदाच मनापासून चिडले. ते का, हे सांगायचं तर आधी दुकानाचा एक नियम सांगावा लागेल.

दुकान बसथांब्यासमोर. दोन मशिनी, कापड कापायचं लांब टेबल, तीन फळ्यांचा आरसा, आणि कोपऱ्यात पडदा लावून केलेली कपडे बदलायची जागा. दुकान मुळात आजोबांचं. काका त्यांना अण्णा म्हणत. माप घ्यायला दोन माणसं लागत, एक टेप धरणारा आणि एक वही घेऊन स्टुलावर बसणारा. खांदा, छाती, बाही, उंची ही सगळी मापं टेप धरणारा मोठ्याने सांगे. कंबर आली की मात्र तो गप्प होई. टेप गळ्यात टाकून दोन्ही हात पाठीमागे नेई आणि बोटं दाखवी. सहा बोटं म्हणजे छत्तीस, एक बोट वाकवलेलं असेल तर वर अर्धा. तिशी की चाळिशी, हे लिहिणाऱ्याला नुसत्या डोळ्यांनी कळतंच.

यामागे एक इतिहास होता. दुकान नवीन असताना आजोबांनी एका नवरदेवाची कंबर त्याच्या सासऱ्यासमोर खणखणीत आवाजात सांगितली होती, “बेचाळीस!” नवरदेव हसला, पण पुन्हा कधी दुकानाची पायरी चढला नाही. तेव्हापासून आजोबांचा नियम ठरला की जे काही सांगायचं ते कापडाला सांगा, माणसाला सांगू नका. कुणाचं पोट सुटलं तर शिवण उसवायची, कुणी वाळलं तर आत घ्यायची, आणि तोंडातून चकार शब्द काढायचा नाही. या नियमावर दुकान पन्नास वर्षं चाललं. लोक म्हणायचे, इथला शिंपी माणसाची अब्रू राखतो.

माझे बाबा काकांचे थोरले भाऊ, सात वर्षांनी मोठे. ते दुकानात कधी बसले नाहीत, टपाल कचेरीत चिकटले. पण त्यांच्या अंगावर जन्मभर काकांच्या हातचेच कपडे होते. चार वर्षांपूर्वी, पासष्टाव्या वर्षी, बाबा गेले. आधी पाठ दुखायची, तर त्यांनी खुर्चीला दोष दिला आणि खुर्ची बदलली. मग जेवण नकोसं झालं, तेव्हा त्यांनी आईच्या स्वयंपाकाला दोष दिला, आणि तो बदलता येण्यासारखा नव्हता. मग एके दिवशी डोळे पिवळे झाले. स्कॅन केला तर स्वादुपिंडाचा कर्करोग निघाला, यकृतापर्यंत पोचलेला. सहा आठवड्यांत सगळं संपलं.

स्वादुपिंड. नाव असं की मिठाईच्या दुकानात मिळावं. असतं मात्र जठराच्या मागे, पाठीच्या कण्यापाशी, कुणाच्या हाताला लागणार नाही अशा जागी. भेटायला येणारा प्रत्येक जण म्हणाला, “अचानकच झालं हो.” मीही पुढे तीन वर्षं हेच म्हणत होते.

मग मागच्या वर्षी मला पित्ताचा त्रास झाला. डॉक्टरांनी घरात कुणाला काय होतं ते विचारलं आणि बाबांचं ऐकून मला मोठ्या दवाखान्यातल्या एका वेगळ्या खोलीत पाठवलं. तिथे एक तरुण समुपदेशक बाई होत्या. आजार घराण्यातून येतोय का, कुणाला किती धोका आहे, याचा हिशोब मांडणं हे त्यांचं काम. त्यांनी कोरा कागद घेतला आणि आमचं घराणं काढायला लागल्या. पुरुष म्हणजे चौकोन, बाई म्हणजे गोल, गेलेल्या माणसावर तिरकी रेघ. बाबांचा चौकोन त्यांनी पूर्ण काळा केला. मी रोज फळ्यावर चौकोन काढते, पण त्या चौकोनाकडे मला बघवेना.

“आजोबा कशाने गेले?” त्यांनी विचारलं.

“साखरेने.”

“किती वर्षं होती साखर?”

मला माहीत नव्हतं. मी तेव्हा चार वर्षांची होते. घरात एवढंच म्हणायचे, अण्णा साखरेने गेले, छप्पन्नाव्या वर्षी.

त्यांनी आजोबांच्या चौकोनात प्रश्नचिन्ह काढलं आणि पेन खाली ठेवलं. मग शांतपणे समजावून सांगितलं. घरात एकालाच हा कर्करोग झाला असेल तर बाकीच्यांचा धोका थोडा वाढतो, पण दरवर्षी तपासण्या करण्याइतका नाही. बापालाही झाला आणि मुलालाही झाला असेल तर मात्र गणित बदलतं. “मग तुम्ही आणि तुमचे काका दोघंही आमच्या यादीत येता. काकांची तपासणी लगेच सुरू करायची. तुमची शेहेचाळिसाव्या वर्षापासून, म्हणजे घरातल्या सगळ्यांत लहान रुग्णाच्या वयाच्या दहा वर्षं आधी. आणि हे सगळं या एका प्रश्नचिन्हावर अडकलंय.”

“पण साखरेचा काय संबंध?”

“कधी कधी उतारवयात साखर एकाएकी वर येते आणि सोबत वजन उतरतं, तेव्हा ती साखर या आजाराची सावली असू शकते. दर वेळी नाही. बहुतेक वेळा ती नुसती साखरच असते. म्हणून मला माहिती पाहिजे, अंदाज नको.”

माझ्या गणिताच्या डोक्याला हे एकदम पटलं. आजोबांचं जुनं वजन सांगणारं कुणी हयात नव्हतं. पण वजन नसलं तरी कंबर होती. आमच्या घरच्यांच्या मापांची वही दुकानात वेगळी ठेवलेली असे, निळ्या पुठ्ठ्याची. तारखेसकट.

मी दुसऱ्याच दिवशी शाळा सुटल्यावर दुकानात गेले. काका मशिनीवर होते, ओठात दोन टाचण्या. मी सगळं सांगितलं. त्यांनी टाचण्या काढून सुयांच्या छोट्या गादीला टोचल्या.

“ती वही उंदरांनी खाल्ली,” ते म्हणाले.

“कधी?”

“झाली असतील पाच-सहा वर्षं.”

“आणि तपासणीला कधी येताय?”

“मला काय धाड भरलीय? एकसष्ट वर्षांचा आहे, अजून दिवसाला दोन पँटी उतरवतो. नसता ससेमिरा मागे लावून घ्यायचा आणि मग रात्रंदिवस तेच डोक्यात. जे व्हायचं ते होणारच आहे, ते आधी कळून काय दिवे लावणार?”

मी पुष्कळ सांगून पाहिलं. पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी ते उठून दुकानाच्या मागे गेले आणि सिगारेट पेटवली. चहाबरोबर एक, दुपारी एक, असा त्यांचा नेम होता. समुपदेशक बाईंनी मला सांगितलं होतं की वय आणि घराणं कुणाच्या हातात नसतं, सिगारेट मात्र हातात असते. हे मी त्यांना तिथेच ऐकवलं. ते म्हणाले, “म्हणून तर हातात धरलीय.”

काकूला मी फोन केला. ती म्हणाली, “अगं, कसले उंदीर. टेबलाच्या खालच्या कप्प्यात आहे ती, अस्तराच्या कापडाखाली. परवा मी सुई शोधायला गेले तर माझ्यावर खेकसले. ये तू, मी यांना बाजारात पाठवते.”

अशी मी, एक जबाबदार शिक्षिका, काकांच्या दुकानात चोरी करायला गेले. वही तिथेच होती. उंदराने कोपरासुद्धा कुरतडलेला नव्हता. आजोबांचं पान पहिलं. अक्षर तरुण वयातल्या काकांचं, गोल गोल. आजोबांची कंबर वर्षानुवर्षं चौतीस, कधी साडेचौतीस. मग शेवटच्या वर्षात तेहतीस, एकतीस, साडेएकोणतीस. आणि सगळ्यांत खाली एक ओळ, ‘पायजमा, दवाखान्यासाठी. ऑपरेशनच्या जागी दाब नको, नाडी सैल.’ पुढे तारीख आणि दवाखान्याचं नाव.

ऑपरेशन. साखरेचं पोटावर कसलं आलंय ऑपरेशन?

माझं काम झालं होतं. मी वही मिटून निघायला हवं होतं. पण माणसाचा हात बापाच्या पानाकडे जातोच. बाबांचं पान उघडलं. छत्तीस, छत्तीस, साडेछत्तीस, पुन्हा छत्तीस. मग शेवटच्या सात महिन्यांत चार नोंदी. पस्तीस. तेहतीस. साडेबत्तीस. एकतीस. प्रत्येक नोंदीपुढे काकांच्या आताच्या थरथरत्या अक्षरात ‘आत घेतली’.

मी स्टुलावर बसले. सात महिने. आम्ही ज्याला अचानक म्हणत होतो ते या निळ्या वहीत सात महिने लिहिलेलं होतं. बाबांचे डोळे पिवळे व्हायच्या आधी.

काका बाजारातून आले ते पिशवी हातात धरून दारातच थांबले. माझ्या मांडीवरची वही त्यांना दिसली. काकू पडद्याआड गेली, पण पडदाच तो, सगळं ऐकू जातं.

“तुम्हाला माहीत होतं,” मी म्हणाले.

त्यांनी पिशवी खाली ठेवली.

“बाबांचा पट्टा तरी बोलला असता, काका. त्याला नवी भोकं पाडावी लागली असती, पँट चुण्या पडून लोंबली असती, कुणाच्या तरी डोळ्यांत आलं असतं. तुम्ही तेवढंही दिसू दिलं नाहीत. चार वेळा आत घेतलीत आणि चारही वेळा इतकी छान शिवलीत की आईलासुद्धा कळलं नाही.”

हे मी बोलले. बोलताना मला बरं वाटत होतं, हेही खरं आहे. शिव्या द्यायला माणूस सापडला की दुःख थोडा वेळ हलकं होतं.

काका समोरच्या स्टुलावर बसले. म्हणाले, “पहिल्यांदा आला तेव्हा दादा म्हणाला, ढिली होतेय रे. मी म्हटलं, दे. दुसऱ्या वेळी दोन इंच गेले तेव्हा माझ्या हाताला कळलं. हाताला कळतं गं, डोक्याच्या आधी. अण्णांची पँट आत घेताना असंच झालं होतं. तिसऱ्या वेळी त्याला आरशासमोर उभं केलं, तर तो खूश. म्हणाला, बघ, टपाल कचेरीत लागलो तेव्हासारखा दिसतोय की नाही. मी म्हटलं, दिसतोस.” त्यांनी वहीकडे पाहिलं. “बोलायचं होतं मला. पण तोंडात नियम बसलेला. चाळीस वर्षं कुणाला काही बोललो नाही, सख्ख्या भावाला बोलायची वेळ आली तर शब्दच सापडेना. आणि भीतीही होती. बोललो तर खरं होईल, असं वाटलं.”

“अण्णांचं ऑपरेशन कसलं होतं?”

“पोट उघडलं आणि तसंच शिवून टाकलं. डॉक्टर म्हणाले, आत गाठ आहे, हात लावण्यासारखी नाही. घरी आल्यावर आईने ठरवलं, कुणी विचारलं तर साखर म्हणायचं. साखर होतीच त्यांना, सहा महिन्यांपासून. खोटं काही नव्हतं त्यात.”

मला अजून पुष्कळ बोलायचं होतं. पण मान खाली घालून बसलेल्या काकांकडे बघताना माझी नजर त्यांच्या पँटवर गेली. शिंप्याच्या घरातली मुलगी आहे मी. पँटची मागची शिवण आत घेतली की पाठीमागचे दोन खिसे एकमेकांजवळ सरकतात, आणि जितकी जास्त आत घ्यावी तितके जास्त. काकांची ती राखाडी पँट मी दहा वर्षं ओळखते. ते पिशवी उचलायला वाकले तेव्हा पाठीमागे, पट्ट्याच्या खाली, ते दोन खिसे एकमेकांना जवळजवळ टेकलेले दिसले. एकदाच आत घेऊन खिसे एवढे सरकत नाहीत.

“काका, तुमचं पान कुठेय?”

त्यांनी पिशवी मांडीवर घेतली.

“वहीत तुमचं पान कुठेय?”

“स्वतःचं माप स्वतः घेत नाहीत,” ते म्हणाले.

पडद्यामागून काकू बाहेर आली. तिचा चेहरा पाहिला आणि कळलं की हे तिलाही नवीन होतं. रोज समोर बसून जेवणाऱ्या माणसाचे तीन इंच गेले आणि तिला दिसले नाहीत, इतके काका आपल्या कामात तरबेज. टेबलावरचा टेप उचलून तिने माझ्या हातात दिला. मी काकांची कंबर मोजली. साडेबत्तीस. मागच्या वर्षी याच दिवसांत ती साडेपस्तीस होती, हे त्यांनीच मग सांगितलं.

“उद्या सकाळी दुकान बंद,” काकू म्हणाली.

समुपदेशक बाईंनी निळी वही बराच वेळ चाळली. असा कागद त्यांच्याकडे कधी आला नव्हता. त्या म्हणाल्या, “हे निदान नाही. टेपने कर्करोग कळत नाही. पण यात तारीख आहे आणि दवाखान्याचं नाव आहे. त्यावरून शोधता येतं.” त्यांनी पत्र दिलं, मी त्या जुन्या दवाखान्यात तीन खेपा घातल्या, आणि तळघरातल्या रजिस्टरात सदतीस वर्षांपूर्वीची एक ओळ निघाली. स्वादुपिंडाच्या डोक्याशी मोठी गाठ, काढण्याजोगी नाही, तुकडा तपासणीला पाठवला, कर्करोग. आजोबांच्या चौकोनातलं प्रश्नचिन्ह खोडून त्यांनी तो काळा केला. एका कागदावर एकाखाली एक असे दोन काळे चौकोन, आणि त्यांच्या शेजारी काकांचा पांढरा. काका त्या पांढऱ्या चौकोनाकडे बघत होते.

काका ती ओळ सापडेपर्यंत थांबले नव्हते. उतरलेली कंबर ऐकून डॉक्टरांनी त्याच आठवड्यात त्यांच्या तपासण्या सुरू केल्या. आधी रक्त, त्यात साखरही आली आणि घराण्यातून येणाऱ्या दोषांची तपासणीही. मग एमआरआय. त्या नळकांड्यात अर्धा तास ठोकाठोक ऐकून काका बाहेर आले आणि म्हणाले, “आत कुणीतरी काज पाडायचं मशीन लावलंय.” शेवटी एंडोस्कोपी. गुंगी देऊन तोंडातून नळी आत सोडतात आणि जठरातून, अगदी जवळून, सोनोग्राफीने स्वादुपिंड बघतात. त्या दिवशी काकू दवाखान्याच्या बाकावर बसून म्हणाली, “माझीही करा म्हणावं. कशाला ठेवायचं मनात.” समुपदेशक बाईंनी तिला समजावलं की ज्याला धोका जास्त नाही त्याने या वाटेला जाऊ नये. बारीकसारीक काहीतरी दिसतं, ते निरुपद्रवी असलं तरी पाठपुरावा करावा लागतो, कधी नको ते ऑपरेशन होतं, आणि हातात येते फक्त काळजी. काकू या घराण्याच्या रक्ताची नव्हती. तिला ते लागलं. “चाळीस वर्षं यांचं सगळं निस्तरतेय,” ती मला म्हणाली, “आणि आता म्हणे मी यांची कुणी नाही.”

निकालाच्या दिवशी आम्ही तिघं डॉक्टरांसमोर बसलो. डॉक्टर वयस्कर होते, सावकाश बोलणारे.

“गाठ नाही,” ते आधी म्हणाले, आणि पहिलंच वाक्य ते बोलले म्हणून मी त्यांना जन्मभर दुवा देईन. “शेपटीकडे सात मिलिमीटरची एक पाण्याची पिशवी आहे. या वयात अशा पुष्कळांना असतात. बहुतेक काही करत नाहीत, पण तुमचं घराणं बघता आपण सहा महिन्यांनी पुन्हा बघू, मग दरवर्षी. रक्तात कुठला माहीत असलेला दोष सापडला नाही. पण सापडला नाही म्हणजे नाहीच, असं मी म्हणणार नाही. दोन माणसं गेली आहेत, ते पुरेसं आहे. साखरही ठीक आहे.”

“मग हे वाळले कशाने?” काकूने विचारलं.

डॉक्टरांनी काकांना विचारलं, “भूक लागत नाही का?”

“लागते,” काका म्हणाले. “पण दादा गेल्यापासून घास घेतला की आत काय होतंय तेच बघत बसतो. दुखतंय का, मळमळतंय का. बघता बघता जेवण निवून जातं. मग उठतो.”

तीन वर्षं हा माणूस रोज ताटावर बसून एकटाच आपली तपासणी करत होता. चोवीस तास, कुणालाही न सांगता, आणि कुठल्याही यंत्राशिवाय. मी त्यांच्यावर चिडले होते ते सगळं त्या खुर्चीत बसल्या बसल्या विरून गेलं.

मग त्यांनी विचारलं ते मी विचारणार होते. “मी तेव्हा बोललो असतो तर दादा वाचला असता का?”

डॉक्टर म्हणाले, “कंबर उतरायला लागते तेव्हा या आजारात बहुतेकदा उशीर झालेला असतो. कदाचित काही महिने जास्त मिळाले असते. कदाचित काहीच नाही. मला ठाऊक नाही, आणि जो ठाऊक आहे म्हणेल त्याच्यावर विश्वास ठेवू नका. म्हणून तर आपण काही होत नसताना बघायचं. तेही हमी म्हणून नाही. लवकर सापडायची एक संधी म्हणून.”

घरी येताना बसमध्ये मला एक आठवलं. बाबा शेवटच्या वाढदिवसाला आत घेतलेली पँट घालून आले होते, साडेबत्तीस इंची. मी म्हणाले होते, “बाबा, मस्त बारीक झालात. काय करता, आम्हालाही सांगा.” ते हसले होते. माझ्याकडे टेप नव्हता, पण डोळे होते, आणि तोंडावर कुठलाही नियम नव्हता. हे मी काकांना सांगितलं. ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, “तू निदान बारीक झालात असं म्हणालीस तरी.”

त्यानंतर काही गोष्टी बदलल्या. सिगारेट सुटली, अगदी सुखासुखी नाही. आता काका दिवसभर ओठात टाचण्या धरतात, काम असो नसो, कारण टाचण्या असताना सिगारेट ओढता येत नाही. काकू जेवताना त्यांच्याशी भांडण उकरून काढते, म्हणजे त्यांचं लक्ष पोटाकडे जात नाही आणि रागाच्या भरात ते दोन घास जास्त खातात. तिला यादीत घेतलं नाही म्हणून तिने आपली उपचारपद्धती काढली.

सहा महिन्यांनी तपासणीच्या दिवशी सकाळी आम्ही आधी दुकानात जमलो. दोन गिऱ्हाइकं बाकावर बसली होती, एकाला कोट हवा होता. काकू स्टुलावर निळी वही घेऊन बसली. काकांच्या नावाचं पान आता वहीत होतं, साडेबत्तीस ही त्यावरची पहिली नोंद. काका आरशासमोर उभे राहिले आणि मी टेप धरला. माप आलं. मी टेप गळ्यात टाकला, हात पाठीमागे नेले आणि काकूला बोटं दाखवली. लहानपणापासूनची सवय. तीन सरळ, एक वाकवलेलं.

आरशातून काका बघत होते.

“तोंडाने सांग,” ते म्हणाले.

मी बाकावरच्या माणसांकडे पाहिलं. “साडेतेहतीस,” मी म्हणाले.

“मोठ्याने.”

“साडेतेहतीस. एक इंच वाढली.”

काकूने लिहिलं. वही मिटायला लागली तर काकांनी तिला थांबवलं आणि टेप माझ्या हातातून घेतला. “आता तू उभी राहा.” मी म्हटलं, मला अजून पाच वर्षं आहेत. ते म्हणाले, “त्यांच्या यंत्राला पाच वर्षं आहेत. माझ्या टेपला नाहीत.” कोटवाल्या गृहस्थांसमोर, ज्यांना मी आयुष्यात प्रथमच पाहत होते, काकांनी माझी कंबर मोजली आणि पन्नास वर्षांत त्या दुकानात कुणी सांगितली नसेल इतक्या स्वच्छ आवाजात सांगितली, “पस्तीस.” मग वहीत वाकून मागची नोंद पाहिली. “मागे छत्तीस होती. एक इंच कुठे गेला?”

“चालायला जाते सकाळी.”

“लिही,” ते काकूला म्हणाले, “पस्तीस. चालायला जाते.”

काकू लिहीत होती तोवर ते माझ्याकडे बघत राहिले.

“खरंच जातेस ना?”

“खरंच जाते, काका.”

मग त्यांनी टेप गळ्यात टाकला आणि कोटवाल्यांना पुढे बोलावलं.